तुडतुड्यांचा बंदोबस्त : आधी मोजणी, मग फवारणी

अहिल्यानगर शहरालगतच्या भिंगारसारख्या ठिकाणी भाजीपाल्याला बाजार हाताशी आहे. जिल्ह्यातील शेवगाव, पाथर्डी व नेवासे तालुक्यांत कपाशी होते. भेंडी, वांगी व कपाशी या तिन्ही पिकांना तुडतुड्यांचा उपद्रव होतो.

हा फिकट हिरवा, पाचरीच्या आकाराचा कीटक पानाखाली राहतो व तिरका चालतो. पिल्ले व प्रौढ रस शोषतात. पानांच्या कडा प्रथम पिवळ्या, मग तांबूस होऊन मुरडतात व वाढ खुंटते. वांग्यावर तुडतुड्यांची दुसरी एक जात बोकड्या रोग पसरविते. बीटी कपाशी बोंडअळीसाठी आहे. तुडतुड्यांना तिची बाधा होत नाही.

कपाशीत आठवड्यातून एकदा, सकाळी, शेतात ठिकठिकाणची वीस झाडे निवडावीत. प्रत्येकाची वरची, मधली व खालची अशी तीन पाने हलकेच उलटून कीटक मोजावेत. सरासरी दर पानी दोन ते तीन तुडतुडे भरले, तरच औषध फवारावे. विनाकारण फवारणीने ढालकिडे व क्रायसोपा हे मित्रकीटक मरतात. युरियाचा अतिरेकही टाळावा, कारण लुसलुशीत पानांवर कीड वाढते.

प्रादुर्भाव सुरू होताच पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. पाच किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवून गाळावा व एकूण शंभर लिटर द्रावण करावे. कीड मर्यादेपलीकडे गेल्यास कपाशीवर फ्लोनिकॅमिड ५० टक्के, दहा लिटर पाण्यात ३ ग्रॅम, फवारावे. भाजीपाल्यावर मात्र वेष्टनावर त्या पिकाचे नाव असलेलेच औषध वापरावे व तेथे सांगितलेले दिवस उलटल्याविना तोडा करू नये. भेंडी दिवसाआड तोडली जाते, म्हणून ही दक्षता अधिकच हवी. मोनोक्रोटोफॉसच्या भाजीपाल्यावरील वापरास २००५ सालीच बंदी झाली आहे.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व मजूर दगावले. ही आठवण ठेवून हातमोजे, मुखपट्टी व अंगभर कपडे वापरावेत. औषधे एकत्र मिसळू नयेत, वाऱ्याविरुद्ध फवारू नये, फवारताना खाणे व तंबाखू वर्ज्य करावे. मळमळ वा अंधारी आल्यास काम थांबवून औषधाच्या वेष्टनासह तत्काळ दवाखाना गाठावा.

गावोगावच्या कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना प्रथम पान उलटून दाखवावे; औषधाचे नाव त्यानंतर सांगावे. पीक वाचविताना पीक पिकविणाराही वाचला पाहिजे.