एका आकड्याला घाबरू नका, आठवडा बघा

पहाटे रामकुंडात बुडी मारायची, ओल्या पायऱ्या चढून वर यायचे, पंचवटी कारंजावर चहा घ्यायचा आणि घरी पोहोचताच दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळायचा. मशीन आकडा दाखवणारच, पण त्यावरून रक्तदाब ठरवता येत नाही. थंड पाण्याने रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, पायऱ्यांनी नाडी पळत असते आणि चहानेही थोडी भर घातलेली असते. चहा, तंबाखू किंवा चालणे झाल्यावर निदान अर्धा तास जाऊ द्यावा आणि मग पाच मिनिटे शांत बसून मोजावे.

बसायचे कसे, हा प्रश्न वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. जुन्या वाड्यातला झोपाळा किंवा ओसरीवरची मांडी यासाठी उपयोगाची नाही. पाठीला टेकण असलेली खुर्ची घ्यावी, पाय जमिनीला टेकवावेत, पायावर पाय टाकू नये. हात टेबलावर असा ठेवावा की पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीवर येईल. हात त्याखाली दहा सेंटिमीटर लोंबला, तरी आकडा सात-आठने फुगतो. गोळी वाढवायची की नाही, हा निर्णय कधी कधी एवढ्याशा फरकावर अडतो. लघवीला जाऊन यावे, बाही दंडावरून पूर्ण काढावी आणि मोजताना बोलू नये. सुनेने ‘किती आलं?’ विचारले तरी उत्तर नंतर द्यावे.

पट्ट्याच्या मापाकडे फार थोडे जण बघतात, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. नेहमीच्या पट्ट्यावर बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर असे छापलेले असते. शिवणकामाच्या टेपने दंडाचा घेर मोजून बघा. जाड दंडावर आखूड पट्टा बांधला, तर नसलेले बीपी दिसते. मनगटाच्या मशीनपेक्षा दंडाचे केव्हाही बरे.

इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये हवेचा पट्टा आणला. पुढे १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कॉफ यांनी स्टेथोस्कोपने धमनीतले आवाज ऐकून वरचे आणि खालचे बीपी ओळखण्याची पद्धत सांगितली. घरचे मशीन मात्र काही ऐकत नाही. पट्ट्यातली हवा सुटताना धमनीच्या ठोक्यांनी होणारी थरथर ते टिपते आणि त्यावरून दोन्ही आकडे हिशेबाने काढते. म्हणून हात हलला की गणित चुकते. ज्यांची नाडी अनियमित आहे, त्यांनी या आकड्यांवर विसंबण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

दवाखान्यात अनेकांचे बीपी नुसत्या धास्तीने चढते. काहींचे उलट असते: दवाखान्यात सगळे ठीक, घरी मात्र जास्त. हे दुसरे प्रकरण धोक्याचे, कारण ते कुणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून सात दिवस सकाळी, गोळी आणि नाश्त्याआधी, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे, संध्याकाळीही तसेच. सगळे आकडे वहीत लिहावेत, आवडलेले तेवढेच नव्हे. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. दवाखान्यात १४०/९० ही रेघ मानतात, तर घरच्या सरासरीसाठी साधारण १३५/८५.

नाशिकच्या थंडीत आकडे थोडे वर सरकतात, उन्हाळ्यात उतरतात. उतरले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये, आणि एकादशीच्या उपासातही चुकवू नये. उपासाचे सैंधव बीपीला चालते, हा समजही सोडून द्यावा. तेही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच आहे.

मशीन परवडत नसेल, तर महापालिकेच्या इंदिरा गांधी रुग्णालयासारख्या ठिकाणी अधूनमधून मोजून घ्यावे. घरी मशीन असेल, तर वर्षातून एकदा ते डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या मशीनशी ताडून बघावे. आकडा १८०/१२० च्या वर गेला, तर पाच मिनिटे थांबून पुन्हा मोजावे. तरीही तेवढाच राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. पण सोबत छातीत दुखणे, धाप, बोबडी वळणे, अचानक दिसेनासे होणे किंवा एका बाजूची ताकद जाणे यांपैकी काही असेल, तर मशीन बाजूला ठेवून १०८ ला फोन लावावा.