दम लागला तर पालथे झोपवा, पण गाडीही बोलवा

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने एक बिनखर्चाची सूचना काढली होती. बोटाला लावायच्या यंत्रात ऑक्सिजन ९४ च्या खाली दिसला तर शुद्धीवरच्या रोग्याने पालथे झोपावे. यात शास्त्र आहे. फुप्फुसाचा बराच भाग पाठीकडे असतो. माणूस उताणा पडला की हृदयाचा, पोटाचा भार त्यावर येतो आणि हवेच्या बारीक पिशव्या मिटतात. पालथे झाले की त्या उघडतात.

एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. उशा नसल्या तर गोधडीच्या घड्या घ्या. अर्धा ते दोन तास झाले की कूस बदलायची, मग टेकून बसायचं. जेवणानंतर तासभर नको. गरोदर बाई, हृदयाचा मोठा आजार, मणका किंवा मांडीचं हाड मोडलेलं, यांना अजिबात नको.

२०२१ मध्येच सहा देशांतल्या ११२६ कोरोना रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २८ दिवसांत श्वासाची नळी घालावी लागली किंवा मृत्यू आला, असे रोगी नेहमीच्या उपचारात शंभरी ४६ होते, पालथे झोपणाऱ्यांत ४०. पण ते सारे दवाखान्यात, ऑक्सिजनवर होते, हे ध्यानात घ्या. घरी नुसतं पालथं पडून राहणं हा इलाज नव्हे. १०८ ला फोन आधी लावा, गाडी येईपर्यंत पालथे झोपवा.

फवारणीची विषबाधा मात्र वेगळी. तिथे हा उपाय करू नका. शुद्ध हरपली, पण श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, आणि दवाखान्यात औषधाचा डबा सोबत न्या.