धानाच्या बांधीतला गहू

गहू हे लाखनीच्या शिवाराचे पीकच नव्हे, असे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. आणि धान निघाल्यावर जमीन पडीत ठेवणे हा शेतकऱ्याचा निव्वळ आळस होय, असे म्हणणारेही तितकेच. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य थोडे आणि घाई अधिक आहे. हा मुलूख धानाचा. वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उतारावर पाळी घालून अडवलेले तलाव व बोड्या, आणि त्यांच्या पायथ्याशी पायरीपायरीने उतरत गेलेल्या बांध्या. जिल्ह्यात गव्हाचा मान पूर्वीपासून वैनगंगेकाठच्या, पवनीकडील काळ्या कन्हार जमिनीचा. लाखनी-साकोलीकडे गहू आला तो धानाच्या मागून, उरलेल्या ओलीवर आणि उरलेल्या पाण्यावर. म्हणून येथील गव्हाचा प्रश्न हा मुळात धानाचाच प्रश्न आहे.

रोवणीपूर्वी बांधीत चिखल केला जातो, तेव्हा मातीची घडण मोडते आणि नांगराच्या तळाखाली एक घट्ट थर बसतो. धानाला तो हवाच असतो. पाणी जिरून जाता कामा नये. परंतु जी माती धानाला पोसते तीच गव्हाच्या मुळांना अडवते. कापणीनंतर ओलीत नांगर घालावा तर पुन्हा चिखल, वाळू द्यावी तर ढेकळे. आणि या धरसोडीत पंधरवडा सहज निघून जातो. हा पंधरवडा फार महाग पडतो. राज्यातील कृषी विद्यापीठांच्या शिफारशीनुसार बागायती गव्हाची पेरणी १५ नोव्हेंबरपर्यंत व्हावी. त्यानंतरच्या प्रत्येक पंधरवड्याला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पन्न घटते आणि १५ डिसेंबरनंतरची पेरणी परवडत नाही. बारीक, उशिरा पिकणारा धान लावणाऱ्याची बांधीच मुळी नोव्हेंबरच्या अखेरीस मोकळी होते. गव्हाचा निकाल अशा रीतीने जून महिन्यात, पऱ्हे टाकताना कोणते वाण निवडले यावरच लागून जातो.

पंजाबचे उदाहरण येथे नेहमी दिले जाते. तेथील हिवाळा लांब, पाणी कालव्याचे नि नलिकाकूपांचे, शेते मोठी. महाराष्ट्रात थंडी अपुरी असते आणि राज्याचे सरासरी हेक्टरी उत्पन्न देशाच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास रेंगाळते. २०२२ चा मार्च हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेत दाणे भरता भरता सुरकुतले आणि मे महिन्यात केंद्र सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. जेथे थंडी भरपूर तेथे ही अवस्था, तर भंडाऱ्याच्या उन्हाची वेगळी कथा सांगावयास नको.

तथापि यावरून गहू सोडून द्यावा असे ठरत नाही. ज्याची बांधी ऑक्टोबरच्या अखेरीस मोकळी होते आणि ज्याच्या वाट्याला तीन पाणी येते, त्याने तो अवश्य घ्यावा. ही तीन पाळ्यांची विभागणी ठरलेली आहे: पेरणीनंतर विसाव्या दिवसाच्या सुमारास मुकुटमुळे फुटताना, चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास कांडी धरताना, आणि साठाव्या ते पासष्टाव्या दिवशी फुलोऱ्यात. दोनच पाळ्या असतील तर पहिली आणि शेवटची द्यावी. एकच असेल तर ती चाळिसाव्या दिवसासाठी राखावी. एका पाण्यावर पूर्ण पिकाची आशा धरणे मात्र व्यर्थ होय.

राहिला नांगराचा प्रश्न. त्याचे उत्तर या भागाला परके नाही. धान उभा असतानाच त्याच्या ओलीत लाखोरी वा जवस फेकण्याची उतेऱ्याची पद्धत येथे पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. न नांगरता पीक घेणे हे नवे शास्त्र म्हणून शिकवले जाते तेव्हा येथील म्हातारा शेतकरी हसत असेल तर नवल नाही. उत्तर भारतात धसकटांमध्येच यंत्राने गहू पेरला जातो. रायगड जिल्ह्यातील नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी तर धानासाठीही चिखलणी टाळून, कायम गादीवाफ्यांवर एकामागून एक पिके घेण्याची रीत रूढ केली. नांगरणीचा खर्च आणि वाया जाणारे दिवस, दोन्ही त्यातून वाचतात. साकोलीचे संशोधन केंद्र आणि कृषी विज्ञान केंद्र लाखनीपासून लांब नाहीत. त्यांनी येथील बांध्यांत अशा पेरणीची प्रात्यक्षिके अधिकाधिक घ्यावीत, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

पाण्याची गोष्ट अधिक कठीण आहे. पूर्व विदर्भातील सहा हजारांवर मालगुजारी तलावांपैकी कितीतरी कोहळी समाजाच्या कौशल्याने उभे राहिले. त्यांची पाळ कोणी दुरुस्त करावी, तुडुमातून पाणी केव्हा सोडावे, हे गावात ठरत असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. पण तलाव सरकारचा झाला आणि गाळ कोणाचाच राहिला नाही. गाळाने उथळ झालेल्या तलावात डिसेंबर-जानेवारीत जे पाणी उरते त्यावर आता उन्हाळी धानाचाही डोळा असतो. धानाला आधारभूत किमतीने खरेदी करणारे केंद्र आहे. गव्हाची सरकारी खरेदी महाराष्ट्रात नगण्य. शेतकरी पाणीखाऊ उन्हाळी धानाकडे वळला तर त्याला दोष कसा द्यावा? खरेदीची व्यवस्थाच त्याला तिकडे ढकलते.

ज्या बांधीला हिवाळ्यात एकही पाणी मिळणार नाही, तेथे हरभरा, जवस वा लाखोरीच शहाणपणाची. लाखोरीतील विषारी द्रव्यामुळे १९६१ पासून तिच्या विक्रीवर निर्बंध आले, तरी बांधीतून ती गेली नाही. ओलीच्या शेवटच्या थेंबावर येणारे दुसरे पीक शेतकऱ्याला सापडले नव्हते. आता कमी विषाची वाणे उपलब्ध आहेत.

आणि एक अडचण अशी की ती कोणत्याही शिफारशीत लिहिलेली नसते. धानाचे पुंजणे उठले की गावची गुरे शिवारात मोकळी सुटतात. राज्यातील सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर (२०१५-१६). धानपट्ट्यातील तुकडे त्याहून लहान. सभोवती पडीत बांध्या आणि मध्ये एकाचाच अर्धा एकर हिरवा गहू, अशी स्थिती झाल्यास राखणीची मजुरी पिकाच्या किमतीला गाठते. कुंपण करावे तर अर्ध्या एकराला ते झेपत नाही. गुरे केव्हा सोडावीत, तुडुम केव्हा उघडावे आणि तलावाखालच्या सलग कोणत्या बांध्यांत गहू घ्यावा, हे तिन्ही निर्णय एकाच बैठकीत व्हावे लागतात, आणि ती बैठक कापणीपूर्वी, दसऱ्याच्या सुमारास भरावी लागते.