उपळसरीचें फसफसतें सरबत

बदलापूर-अंबरनाथकडील डोंगरउतारांवर करवंदीच्या जाळींत शिरलें असतां पायांस एक बारीक, तांबूस देंठाची वेल अडकते. पानें बहुधा अरुंद व लांबट, मधल्या शिरेलगत पांढुरकीं. देंठ मोडला कीं पांढरा चीक येतो. हीच उपळसरी. वैद्यमंडळी तिला अनंतमूळ अथवा सारिवा म्हणतात. तिचें मूळ उकरून नखानें साल खरवडावी, म्हणजे जो गोड, गार सुगंध सुटतो तो एकदां घेतल्यावर विसरत नाहीं. आपल्या बांधावरील ही वेल आपण गवताबरोबर कापून टाकतों. दक्षिणेंत मात्र तिच्याच मुळांचें ‘नन्नारी’ नांवाचें सरबत उन्हाळाभर घरोघर व दुकानोदुकानीं चालतें.

मुळांपासून पेय करण्याची चाल अमेरिकेंतहि जुनी आहे. तेथें त्यास ‘रूट बिअर’ म्हणत. फिलाडेल्फिया येथील चार्ल्स हायर्स या औषधविक्रेत्यानें १८७६ च्या सुमारास मुळांच्या व सालींच्या मिश्रणाच्या पुड्या विकावयास काढल्या. गृहिणींनीं त्यांत पाणी, साखर व खमीर घालून घरींच बाटल्या भराव्या अशी योजना होती. त्या पेयाचा मुख्य वास सासाफ्रस नामक झाडाच्या मुळांच्या सालीचा असे. त्यांतील सॅफ्रोल हें द्रव्य प्रयोगांतील जनावरांच्या यकृतास घातक ठरल्यानें १९६० मध्यें तेथील सरकारनें त्याचा खाद्यपदार्थांतील वापर बंद केला. आपल्या उपळसरीचा या झाडाशीं कांहीं संबंध नाहीं. तिचा सुगंध व्हॅनिलाच्या सुगंधी द्रव्याच्या अगदीं जवळच्या नात्यांतील एका द्रव्यामुळें येतो.

पाक करण्याची रीत सोपी आहे. मुळें स्वच्छ धुवावीं, ठेचावीं व आंतील काष्ठमय भाग टाकून द्यावा. सुगंध सालींत असतो, लांकडांत नव्हे. अशी १०० ग्रॅम साल एक लिटर कढत पाण्यांत घालून झांकण ठेवावें व रात्रभर तशीच राहूं द्यावी. ती खळखळां उकळण्याचा मोह टाळावा, कारण वाफेबरोबर सुगंध निघून जातो व सारें घर सुवासिक होऊन पातेल्यांत नुसता काढा उरतो. सकाळीं पाणी गाळून त्यांत एक किलो साखर विरघळेपर्यंत मंद आंचेवर ठेवावी आणि उतरल्यावर दोन लिंबांचा रस पिळावा. एक भाग पाक व पांच भाग थंड पाणी, हें झालें साधें सरबत.

त्यास फेस आणावयाचा तर दोन मार्ग आहेत. पहिला खमिराचा. येथें प्रस्तुत लेखकाची फजिती सांगितली पाहिजे. एका वैशाखांत आम्ही परदेशी कृति जशीच्या तशी अमलांत आणली. तींत बाटल्यांस घट्ट बुचें मारून चार दिवस स्वयंपाकघरांत ठेवण्यास सांगितलें होतें. आम्ही कांचेच्या सहा बाटल्या कपाटांत ठेविल्या. तिसऱ्या रात्रीं गोळी सुटावी तसा आवाज झाला, मागोमाग दुसरा. कपाटाचें दार उघडें पडलें होतें आणि कांचेचे तुकडे पार पिठाच्या डब्यांपर्यंत गेले होते. त्या वेळीं तेथें कोणी नव्हतें एवढेंच आमचें नशीब.

कारण मागाहून हिशेब केल्यावर कळलें. एक लिटर पाण्यांतील सुमारें ४ ग्रॅम साखर खमिरानें खाल्ली कीं जवळजवळ एक लिटर कर्बवायु उत्पन्न होतो. बाजारांतील सोड्यांत पाण्याच्या तिप्पट-चौपट वायु कोंडलेला असतो, म्हणजे १२ ते १६ ग्रॅम साखर पुरे. जाड कांचेच्या शँपेनच्या बाटलींतहि तो सहापटीच्या आसपासच असतो. आमच्या सरबतांत तर लिटरमागें सुमारें १०० ग्रॅम साखर होती. सगळी आंबली असती तर पंचवीसपट वायु झाला असता! थंड देशांत खोलींतील उष्णता १८-२० अंश असतां चार दिवसांत जें होतें तें आपल्याकडील मे महिन्याच्या पस्तीस अंशांत एका दिवसांतच होऊन जातें, हें आमच्या ध्यानीं आलें नव्हतें.

म्हणून खमिराचा मार्ग धरणारानें कांच वर्ज्य करावी. सोड्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली स्वच्छ धुवून घ्यावी, लिटरमागें केवळ चिमूटभर कोरडें खमीर घालावें, चार बोटें जागा मोकळी सोडून झांकण लावावें व दर दोन-तीन तासांनीं बाटली दाबून पाहावी. ती दगडासारखी कठीण झाली कीं लागलीच फ्रीजमध्यें ठेवावी. थंडींत खमीर मरत नाहीं, फक्त मंदावतें. यास्तव चार दिवसांच्या आंत पेय संपवावें व झांकण हळूहळू सैल करून उघडावें. आणखी एक गोष्ट. जेवढा वायु तेवढाच मद्यार्कहि होतो. तिप्पट वायु झाला तर तो सुमारें पाऊण टक्का भरतो. ज्या घरीं मद्यार्क वर्ज्य आहे तेथें, व लहान मुलांकरितां, हा मार्ग नव्हे. विक्रीकरितां तर मुळींच नव्हे. कारण अर्ध्या टक्क्याहून अधिक मद्यार्क असलेलें पेय आपल्या देशांतील अन्नविषयक नियमांप्रमाणें मद्यपेयांत जमा होतें.

दुसरा मार्ग सोड्याचा. हायरम कॉड या इंग्रजानें १८७२ च्या सुमारास जी गोटीची बाटली प्रचारांत आणली, तींत वायूच्या दाबानेंच गोटी रबराच्या कड्यावर घट्ट बसते. असा तयार सोडा पांच भाग व आपला पाक एक भाग पेल्यांत एकत्र केला कीं झालें. विकणाऱ्यास हाच मार्ग बरा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आणि गिऱ्हाईक दूर नाहीं. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस कल्याणजवळील लष्करी छावण्यांत आसरा मिळाला. त्याच वस्तीस १९४९ मध्यें उल्हासनगर हें नांव मिळालें. बदाम, खसखस, मगज, बडीशेप व मिरीं वाटून केलेलें ‘थादल’ सिंधी घरांत उन्हाळ्यांत आवडीनें पितात. ज्यांस अशा पेयांची पारख आहे त्यांस उपळसरीची ओळख करून देण्यास फार वेळ लागूं नये.

जांभळांचें दुखणें याहून मोठें. बदलापूरच्या जांभळास भौगोलिक मानांकन मिळालें खरें. परंतु फळ एक-दोन दिवसांत नासतें, सगळीं झाडें जूनच्या तोंडावर एकदम पिकतात, आणि पावसाच्या पहिल्या सरीबरोबर उरलेला माल मातींत जातो. वाडींतून इतकें थोडें हातीं येतें म्हणूनच इमारतीकरितां जागा मागणाऱ्यास नाहीं म्हणणें कित्येकांस जड जातें. पडेल भावानें टोपली देण्यापेक्षां पिकलेलीं फळें हातानें कुस्करावीं, बिया फुटूं देऊं नयेत, थोड्या पाण्यांत वाफ येईपर्यंत तापवून गाळावीं व रसाच्या वजनाइतकी साखर घालून पाक करावा. लोखंडी भांडें वापरूं नये, रस काळवंडतो. पुष्कळ दिवस टिकवावयाचा असल्यास सोडियम बेन्झोएट नियमांतील प्रमाणांत घालतात. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटनें जांभळाचा रंगच उडतो, व तो रंग हीच या पेयाची अर्धी किंमत आहे.

उपळसरीचीं मुळें विकत घेणारानें मात्र सावध असावें. सारिवा म्हणून काळसर सालीचीं दुसऱ्या वेलींचीं मुळेंहि विकलीं जातात; त्यांस हा सुगंध नसतो. मोडून नाकाशीं धरल्यावांचून पैसे देऊं नयेत. रानांतील वेली समूळ उपटण्यापेक्षां पावसाळ्याच्या आरंभीं वीतभर लांबीचे मुळांचे तुकडे कुंपणाच्या कडेस, करवंदीच्या अथवा जांभळीच्या विरळ सावलींत लावावे. खणणी दोन वर्षांनंतर करावी, आणि तीहि बाजूचीं मुळें घेऊन, मधला खुंट जागच्या जागीं ठेवून.