तळघरांतील ओल

तळघरांत पेट्यांतून जपलेल्या पोथ्यांना व पत्रांना चोराचें भय नसतें. भय असतें तें ओलीचें. पावसाळ्यांत कुबट वास येऊं लागला कीं घरांतील मंडळी खिडक्या उघडतात आणि धूप जाळतात. पहिल्या उपायानें ओल बहुधा वाढते, आणि दुसऱ्यानें वास केवळ झांकला जातो.

३० अंश सेल्सिअस तपमानाच्या एक घनमीटर हवेंत जास्तींत जास्त सुमारें ३० ग्रॅम बाष्प मावतें. तीच हवा थंडावून २५ अंशांवर आली कीं सुमारें २३ ग्रॅमच. उरलेलें पाणी गार भिंतींवर जमतें. तेथें बुरशी वाढते, आणि कुबट वास हा तिचाच.

ओल हवेची कीं जमिनीची, हें ओळखणें सोपें आहे. प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवावा. वरची बाजू ओली झाली, तर दोष हवेचा. अशा वेळीं दमट दिवसांत खिडक्या मिटाव्या व कोरड्या दिवसांत उघडाव्या. तुकड्यामागें पाणी दिसलें, तर ओल मातींतून येते. तेथें पन्हळीचें पाणी पायापासून दूर नेल्यावांचून नवा गिलावा व्यर्थ होय. तोंवर पेट्या फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवणें हेंच शहाणपणाचें.