सावलीला विचारा!

विद्यार्थी मित्रहो, सावली सर्वांत आखूड केव्हा असते? ‘दुपारी बाराला,’ असे वाटत असेल, तर तसे वहीत लिहा आणि मैदानावर चला.

सपाट जागी काठी ओळंब्याने सरळ उभी करा. सकाळी साडेदहाला तिच्या सावलीएवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काठीभोवती काढा. सावली आखडेल, मग पुन्हा वाढेल. दुपारी तिचे टोक वर्तुळाला टेकेल, ती वेळ टिपा. दोन्ही वेळांच्या बरोबर मधली वेळ ही तुमच्या गावच्या मध्यान्हाची खरी वेळ.

आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशाची वेळ दाखवतात. पुणे ७४ अंशांच्या आसपास आहे. दर अंशाला ४ मिनिटे, म्हणून तेथे मध्यान्ह सरासरी १२.३४ ला.

शिक्षकांनो, हे गणित प्रयोगाआधी सांगू नका. एका फेब्रुवारीत मी पुण्यात ते सांगितले आणि सर्व वह्यांत १२.३४ आले! पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा व कललेला आस यांमुळे फेब्रुवारीच्या मध्यास ही वेळ १२.४८ च्या सुमारास येते. सावलीकडे कोणी पाहिलेच नव्हते. दोष मुलांचा नव्हे, माझ्या आखणीचा होता.

म्हणून मित्रहो, तुमच्या गावची आजची वेळ मी सांगत नाही. ती सावलीलाच विचारा!