मागच्या चाकाजवळचं १२० मिली

ॲक्टिव्हा सर्व्हिसिंगला टाकली की इंजिन ऑइल बदललं का, हे गिऱ्हाईक हमखास विचारतं. मागच्या चाकाला लागून असलेल्या गिअरपेटीतल्या ऑइलची चौकशी क्वचितच होते. ते असतंच मुळी थोडं. ॲक्टिव्हात बदलताना जेमतेम १२० मिली, म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीएवढं. पण चौकशी झालीच, तर तीन गॅरेजांत तीन उत्तरं मिळतात. एक म्हणतो इंजिनाचंच घाला, दुसरा नव्वद नंबर सांगतो आणि तिसरा ‘एकशेचाळीस टाका, आवाज बंद होईल’ म्हणून मोकळा होतो. यातलं कुठलं बरोबर हे कळायला पेटीत काय आहे आणि काय नाही, दोन्ही पाहावं लागतं.

छोट्या स्कूटरमध्ये इंजिनाची ताकद आधी व्हॅरिएटरकडे, म्हणजे पुढच्या पुलीकडे जाते, तिथून रबरी बेल्टने मागच्या पुलीकडे आणि क्लचमार्गे गिअरपेटीत. बेल्ट आणि क्लच कोरड्या कप्प्यात असतात. तिथे तेलाचा थेंबही चालत नाही. त्यांच्या पलीकडच्या, स्वतंत्र बंद कप्प्यात तीन शाफ्ट, दातेरी चाकांच्या दोन जोड्या आणि काही बेअरिंगं, एवढाच संसार. १० इंची चाकाची स्कूटर ताशी ४० किलोमीटरने जाते तेव्हा चाकाचे मिनिटाला सुमारे ४९० फेरे होतात. इंजिनाचे तेव्हा चार-पाच हजार चालू असतात. हा फरक भरून काढायचं बरंचसं काम ही पेटी करते. वेग उतरतो आणि त्याच प्रमाणात पीळ वाढतो. बेल्टकडून आधीच वाढून आलेला इंजिनाचा आठ-नऊ न्यूटन-मीटरचा पीळ पेटीतून बाहेर पडताना, घाट चढताना वगैरे, दीडशेच्या पुढे जाऊ शकतो. तो सगळा शेवटच्या चाकाच्या मोजक्या दातांवर येतो.

आता काय नाही ते. तेल फिरवणारा पंप नाही, फिल्टर नाही. खालची चाकं तेलात बुडून फिरतात आणि उडालेल्या तेलावर वरची भागवतात. ज्वलन नाही, त्यामुळे काजळी नाही, तेलात उतरणारं पेट्रोल नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, तेलात भिजणारा क्लच नाही. मोटरसायकलचा क्लच इंजिन ऑइलमध्येच फिरतो. जास्त निसरडं तेल घातलं तर तो घसरतो, म्हणून तिथे जासो या जपानी मानकातलं ‘एमए’ जातीचं तेल लागतं. स्कूटरला ती अडचण नाही. तिच्या इंजिनासाठी कमी घर्षणाचं ‘एमबी’ तेल बनलं आणि होंडा तेच १०डब्ल्यू-३० एमबी तेल ॲक्टिव्हाच्या गिअरपेटीतही सांगते.

हे ऐकून पुष्कळांना कंपनीने कंजुषी केल्यासारखं वाटतं. गिअरला गिअर ऑइल हवं, तीस नंबरचं पातळ पाणी काय कामाचं! खरा घोळ या आकड्यांतच आहे. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजतात. दोन्ही पट्ट्या एसएई या संस्थेच्याच, पण एकीवरचा ९० म्हणजे दुसरीवरच्या ३० च्या तिप्पट जाड, असं अजिबात नाही. १०० अंश सेल्सिअसला इंजिनाच्या ३० नंबर तेलाचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटीस्टोकच्या दरम्यान असतो, ४० नंबरचा १२.५ ते १६.३ आणि ५० नंबरचा २१.९ पर्यंत. गिअरचं ९० नंबर तेल १३.५ पासून सुरू होतं. म्हणजे ज्या नव्वदचा एवढा दबदबा, ते प्रत्यक्षात इंजिनाच्या चाळीस-पन्नासच्या घरातलं तेल. तीस आणि नव्वद यांत फरक आहे, पण आकड्यांतून भासतो तेवढा मुळीच नाही.

शिवाय ही पेटी एरवी १०० अंशांपर्यंत तापतही नाही. तापमान कमी तेवढं तेल जाड, त्यामुळे प्रत्यक्ष कामाच्या वेळी ते तीस नंबर बाटलीवरच्या आकड्यापेक्षा दाटच असतं. त्यात १४० घातलं तर दातांना ते जाड तेल ढवळत बसावं लागतं आणि ताकद त्यात जाते. आवाज कमी होतो हे खरं. पण गिअरपेटी घूं-घूं करत असेल तर बहुधा बेअरिंग गेलेलं असतं, आणि जाड तेलाने त्याचा आवाज फक्त दबतो.

दुसरा वाद जीएल-४ की जीएल-५ चा. हे वर्ग दाब झेलणाऱ्या रसायनांवरून ठरतात, आणि त्यांत मुख्यतः गंधक आणि फॉस्फरसची संयुगं येतात. जीएल-५ मध्ये ती जास्त असतात, कारण ते ट्रक-जीपच्या मागच्या डिफरन्शियलसाठी आहे. तिथल्या हायपॉइड गिअरमध्ये दात एकमेकांवर जोराने घासत सरकतात. स्कूटरचे शाफ्ट समांतर आणि दात तिरके, तिथे तेवढी घासाघीस होत नाही. म्हणून जीएल-५ वर जास्तीचे पैसे घालवण्यात मला काही अर्थ दिसत नाही. पितळी भाग असलेल्या जुन्या गिअरबॉक्सना तर ते मानवतही नाही.

मग सगळ्या स्कूटरांना १०डब्ल्यू-३० चालेल का? नाही. पियाजोच्या व्हेस्पांना गिअरपेटीत ८०डब्ल्यू-९० सांगितलेलं असतं. दातांचा आकार, बेअरिंगांमधली फट आणि त्यांवरचा भार पाहून कंपनी तेल ठरवते. गाडीच्या पुस्तिकेतलं ते एक पान वाचलं की गॅरेजांतली तिन्ही उत्तरं बाजूला ठेवता येतात.

आपल्याकडे ही पेटी रुळली ती कायनेटिक होंडामुळे. पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक आणि जपानची होंडा १९८४ मध्ये एकत्र आल्या. मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला बनलेल्या त्या बटन-स्टार्ट गाडीचं इंजिन टू-स्ट्रोक होतं. टू-टी ऑइल पेट्रोलबरोबर जळून जायचं, म्हणजे काढून बदलण्याजोगं तेल होतं ते या पेटीतलंच. बजाजच्या जुन्या चेतकचं गणित निराळं. तिथे हाताने बदलायचे चार गिअर आणि ओला क्लच एकाच तेलात असायचे, म्हणून साधं एसएई ३०, पाव लिटरच्या आसपास. चेतकवर हात बसलेल्या मिस्त्रींनी तीसचा आग्रह धरला तर त्यामागे हे कारण असतं.

होंडाच्या बऱ्याच स्कूटरांच्या पुस्तिकांत हे तेल दोन वर्षांनी बदलायला सांगितलं आहे. ते लवकर खराब होत नाही, पण नव्या गाडीत दात एकमेकांशी जुळताना निघालेली धातूची भुकटी गाळायला फिल्टर नाही. दुसरा शत्रू पाणी. पेटीला हवा खेळायला बारीकसा श्वासमार्ग असतो. तापलेली पेटी पुराच्या पाण्यात बुडून गार झाली की आतली हवा आकसते आणि त्या वाटेने पाणी आत ओढलं जातं. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात ज्यांच्या गाड्या बुडाल्या, त्यांना इंजिन सुरू होईल की नाही याचीच धास्ती होती. पण बुडालेल्या गाडीचा मागचा ड्रेन बोल्टही उघडावा लागतो. तेल दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय समजायचं.

जास्त तेल घालूनही बिघडतं. दाब वाढला की ते ऑइल सीलमधून वाट काढतं. चाकाच्या सीलमधून आलं तर थेट मागच्या ब्रेक शूवर, मग ब्रेक लागत नाही. आतल्या बाजूने आलं तर क्लच आणि बेल्ट घसरतात. म्हणून गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावायची, जुनं पूर्ण निथळू द्यायचं आणि नवं मोजून घालायचं. बोल्टखालचा वॉशर नवा घ्यावा आणि बोल्ट बेताने आवळावा, कारण पेटी ॲल्युमिनियमची असते आणि आटे गेले की बोल्टपेक्षा मोठा खर्च येतो. काही मेकॅनिक ८०० मिलीच्या डब्यातून इंजिनाला ७०० घालून उरलेलं मागे ओततात. ॲक्टिव्हाच्या बाबतीत तेलाची जात बरोबरच असते, फक्त वीस मिली कमी पडतं.